पारण्याचं तूप

परतूर, ३ ऑगस्ट

मोनाली,

तू फोन उचलणार नाहीस हे आता कळलं, म्हणून पोस्टाने लिहिते. पत्र फाडायला तरी पाकीट हातात घ्यावं लागतं.

परवा पुण्याहून येताना तू बदनापूरला हर्षचा हात धरून उतरलीस. मी डब्याच्या दारापर्यंत आले होते. तू फलाटावरून एवढंच म्हणालीस, "द्यायचं न्हाई तर तसं सांग ना रूपल. वजन वाढवून कशाला सांगून राह्यली?" मग गाडी सुटली. जालना कधी आलं, कधी गेलं, मला आठवत नाही. परतूरला उतरले तेव्हा पिशवी गाडीतच राहिली होती.

तुझं बोलणं मला लागलं नाही. खरं म्हणजे मला हल्ली काहीच लागत नाही. पण तू जे म्हणालीस ते खोटं आहे, तेवढं लिहून ठेवते.

बायको म्हणून तू तयार होतीस, पण तुझा रक्तगट जुळत नाही; आमच्या बाबूजींचं हृदय अधू. म्हणजे हर्षला लिव्हरचा तुकडा द्यायला सख्खी बहीण तेवढी उरली. ज्याने जन्मात दारूचा थेंब घेतला नाही त्याचं लिव्हर काविळीने खाल्लं, आणि मी धडधाकट, तर माझं चरबीने भरलेलं. जूनमध्ये डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असं तुपकट लिव्हर कापून दुसऱ्याला लावता येत नाही. आठ किलो उतरवा, चरबी आपोआप कमी होईल, दोन महिने हर्ष थांबू शकतो. आणि परवा काटा खाली जायच्या ऐवजी दीड किलो वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "ताई, तुम्ही खरंच प्रयत्न करताय ना?" हर्ष म्हणाला, "जाऊ द्या सर, आमच्यात तूप सोडणं म्हणजे घर सोडणं." सगळे हसले. तू नाही हसलीस, मीही नाही.

मी काय खाते ते ऐक. दूधवाल्या बेबीनंदाकडून म्हशीचं दूध यायचं ते माझ्यापुरतं बंद केलं, गायीचं घेते. चहा कोरा. पोळीला तूप नाही. डाळ बिनफोडणीची. पापड भाजलेला. बाटी, चुरमा, मलाई, पनीर यांच्याकडे पाहतही नाही. आहाराच्या मॅडमनी कागदावर लिहून दिलंय तसंच सगळं. संध्याकाळी रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जाते. घरातल्या सगळ्यांची साथ आहे. तरी काटा वर का गेला, मला माहीत नाही.

हर्षला जेवण जातं का ते कुणाकडून तरी कळव.

रूपल


परतूर, ११ ऑगस्ट

मोनाली,

कारण सापडलं.

बुधवारी मला जेवण गेलं नाही. माझी डाळ वाटीत तशीच झाकून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी झाकण काढलं तर वर पिवळसर पापुद्रा धरलेला. बोटाने उचलला तर अख्खा निघाला. बिनफोडणीच्या डाळीवर तूप गोठलं होतं.

मग मी कणकेचा डबा उघडला. माझ्या पोळ्यांची कणीक सासूबाई वेगळी मळतात, माझी सोय म्हणून. त्या कणकेला तुपाचं मोहन, तेही सढळ हाताने. वरून पोळी कोरडी दिसावी म्हणून सगळं आत. दह्यासाठी विरजण लावताना सायीसकट दूध घोटून घेत होत्या, म्हणून साय दिसत नव्हती. मी दोन महिने ताक म्हणून जे पीत होते ते जवळजवळ लोणीच होतं.

मी विचारलं. त्या लपवायच्याही भानगडीत पडल्या नाहीत. "कोरडी पोळी मयताच्या घरी वाढतात," म्हणाल्या. "माझ्या घरात चालत्या-बोलत्या सुनेच्या ताटात कोरडी पोळी? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मला बघवत न्हाई. अन् घरच्या तुपानं कुणी जाड होत न्हाई, बाजारच्या तेलानं होतं."

तुला ठाऊक असेल, हर्षने सांगितलं असेल, आमच्यात मयत झालं की काही दिवस घरात फोडणी नाही, पोळीला तूप नाही. आष्टीत वाढलेल्या या बाईला ती पोळी पाहिली की तेवढंच आठवतं. मनाने वाईट नाहीत. तेच तर अवघड आहे. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

आता दुसरी गोष्ट. मागच्या पत्रात घरातल्या सगळ्यांची साथ आहे असं लिहिलं ते खरं नाही. सासूबाईंना ऑपरेशनचं माहीतच नाही. अक्षतने नवरा म्हणून होकार देताना अट घातली होती की स्कॅन पास होईपर्यंत आईच्या कानावर जायला नको, नाहीतर त्या अन्न सोडतील. त्याचंही चूक नाही, तो दिवसभर आडतीवर, घरात ऐकून मीच घेणार. त्यांना मी सांगितलं होतं की डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. डॉक्टर काय, सगळ्यांनाच सांगतात, असं त्या म्हणाल्या आणि मोहन घालत राहिल्या.

मी त्यांच्याकडून वचन घेतलं. दोन दिवस पाळलं. काल खिचडीला पुन्हा वास आला. म्हणे, "एका चमच्यानं काय होतंय?"

मला ओरडायला हवं होतं. मी खिचडी गायीला घातली आणि ताट घासून ठेवलं.

रूपल


परतूर, २५ ऑगस्ट

मोनाली,

तुझा "वाचलं" असा मेसेज आला. एकच शब्द, पण आला.

मी काय केलं ते सांगते. तू हसशील, तुझा नि माझा देवाधर्माच्या बाबतीत शाळेपासून एकच सूर. चातुर्मासासाठी इथल्या जैन स्थानकात महासतीजी, आमच्या साध्वी, थांबल्या आहेत. मी रविवारी व्याख्यानाला गेले. सासूबाई पहिल्या रांगेत, हात जोडून. व्याख्यान संपल्यावर बायका पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची शपथ, घ्यायला उभ्या राहतात, कुणी एक दिवस उपवास, कुणी मिठाईचा त्याग. मीही उभी राहिले.

आदल्या दिवशी आहाराच्या मॅडमना फोन करून विचारून घेतलं होतं. मी म्हणाले, सगळंच सोडते, तेल, दूध, दही, काहीच नको. त्या म्हणाल्या, अजिबात नको. दूध-दही सोडलंत तर तुमचं मांस झडेल, चरबी तिथेच राहील, आणि ऑपरेशनला ताकद लागेल ती वेगळीच. तूप चांगलं की तेल चांगलं हे भांडण सासूबाईंशी करूच नका, दोन्ही चरबीच. करडईचं घ्या, शेंगदाण्याचं घ्या, पण चमचा मोजा. दूध गायीचं, तापवून गार करून साय काढलेलं, आणि परत एकदा तसंच.

म्हणून मी मर्यादेचं व्रत घेतलं. तूप, लोणी, साय, खवा, पनीर आणि तळण यांचा त्याग. तेल दिवसाला दोन चमचे. दूध, दही, ताक बिनसायीचं. महासतीजींनी विचारलं, "किती दिवसांसाठी?" मी म्हणाले, "भावाचं काम होईपर्यंत."

सासूबाईंनी मान वळवून पाहिलं. रस्त्यावर, भाजीच्या गाड्याजवळ, त्यांनी विचारलं, "कोणतं काम?"

मी सांगितलं. तिथेच, सगळं. हर्षचं, लिव्हरचं, कापण्याचं, दोन महिन्यांचं.

त्या भाजीवाल्याच्या गाड्याला धरून उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "काकू, पाणी देऊ का?" त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई का गं? मी डाळीत तूप घालत गेले अन् तिकडं ते पोरगं..." मला वाटलं आता ऑपरेशनला नाही म्हणतील. म्हणाल्या नाहीत. महासतीजींच्या समोर घेतलेलं पच्चक्खाण, ते मोडायला लावणं त्यांच्या हातून होणार नाही. डॉक्टरांचा कागद त्यांनी दोन महिने मोडला. हे मोडणार नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी मला स्वयंपाकघरात एकटीला सोडलं नाही. माझा तवा वेगळा, पुसून ठेवलेला. चमचा वेगळा. करडईचं तेल घाण्यावरून आणवलं. तेल ओतताना चमच्याच्या कडेला जो थेंब लटकतो तो परत बाटलीत निथळू देतात. अक्षतने परवा मजेत माझ्या ताटात त्याची तूप लावलेली पोळी टाकली तर ताट उचलून नेलं आणि लेकाला म्हणाल्या, "व्रताशी मस्करी करून राह्यला का तू? अक्कल हाय का न्हाई?" पन्नाशीला आलेला माणूस खाली मान घालून जेवला.

बेबीनंदाला कळेना की गायीच्या दुधाचीही साय काढून टाकायची तर दूध घ्यायचंच कशाला. ती म्हणाली, "मंग मीच पाणी घालून आणू का ताई? तेवढंच पातळ व्हईल." सासूबाई म्हणाल्या, "ते तर तू रोज घालतीच." मला हसू आलं असावं, कारण दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या.

हर्षला सांग, काटा खाली यायला लागला आहे.

रूपल


परतूर, १५ सप्टेंबर

मोनाली,

पाच किलो उतरले. कुर्ते सैल होतायत. बायका विचारतात तब्येत बरी नाही का. सासूबाई मध्येच तोंड घालतात, "तप चालू आहे तिचं." पर्युषणात स्थानकात माझं नाव तप करणाऱ्यांत वाचलं गेलं. मी खाली पाहत बसले. श्रद्धा काडीची नाही आणि डंका वाजला सगळ्यात जास्त माझ्या व्रताचा.

पुण्याचा फोन आला होता. ४ ऑक्टोबरला स्कॅन. या वेगाने गेले तर होईल म्हणाले.

काल हर्षचा फोन आला. तू शाळेत शिकवायला गेली होतीस, म्हणून त्याने केला. आवाज दूर वाटला. म्हणाला, "मोनाली तुझी पत्रं उशीखाली ठेवते. मला वाचू देत न्हाई, पण तूप कुठं सापडलं ते सांगितलं तिनं." खूप हसला आणि मग खोकला. म्हणाला, ऑपरेशननंतर बाटी खायची, तुपात बुडवलेली, डॉक्टरला न विचारता. मी हो म्हटलं.

तू पत्रं ठेवतेस हे मला माहीत नव्हतं.

एक लिहायचं राहिलं. माझ्या दुधावरची साय सासूबाई टाकून देत नाहीत. एका भांड्यात साठवतात, दर आठवड्याला घुसळून लोणी काढतात, कढवतात आणि छोट्या चिनी मातीच्या बरणीत गाळतात. घरच्या तुपाचा डबा वेगळा, ही बरणी वेगळी. त्यात कुणालाही चमचा घालू देत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या तोंडचं काढलेलं आहे ते. पारण्याला तुलाच घालायचं. भाऊ बरा झाला की."

कढवताना सगळ्या घरात वास भरतो. मला भूक लागत नाही. मला फक्त कळतं की वास आहे.

तुला मी वर्गात माझ्या डब्यातली तुपाची पोळी द्यायचे आणि तू तुझी भाकरी. तुझ्या डब्यातलं मी खाल्लं हे आमच्या घरी कळल्यावर काय झालं होतं ते तुला सांगितलं नव्हतं, आताही सांगत नाही. तुझं नि हर्षचं लग्न झालं तेव्हा बाबूजींनी दार लावलं ते नवीन नव्हतं, एवढंच.

रूपल


परतूर, ३० सप्टेंबर

मोनाली,

काय लिहू ते सुचत नाही म्हणून काय झालं तेच लिहिते.

शनिवारी पहाटे अक्षतने उठवलं. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं, संभाजीनगरला नेतानाच हर्ष गेला, असं तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितलं. आम्ही बदनापूरला आलो. तू भिंतीला टेकून बसली होतीस. मी तुझ्याजवळ बसले. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तुला मी दिसले नसेन किंवा दिसले असेन.

बाबूजी फाटकाशी उभे होते. आत येईनात. तुझे वडील, अण्णासाहेब, गेले आणि त्यांना हाताला धरून आणलं, खुर्ची दिली. ज्या माणसाने त्यांच्या लेकीला दारात उभं केलं नाही त्याला त्यांनी पाणी दिलं आणि बाबूजी ते प्यायले. इतकी वर्षं जे टाळलं ते अर्ध्या मिनिटात झालं. हर्षला ते पाहायला मिळालं नाही. मला तेव्हा बाबूजींचा राग आला. तेवढ्यापुरता आला आणि गेला.

घरी परतलो तर सासूबाईंनी स्वयंपाक केलेला. सुनेच्या माहेरचं सूतक सासरी पाळत नाहीत, पण त्यांनी पाळलं. डाळ बिनफोडणीची, पोळ्या कोरड्या, सगळ्यांच्या ताटात. माझ्या ताटात रोजच्यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

मी रडले नाही. लोक म्हणतात रड. मी चालायला जाते. स्टेशनपर्यंत जाते आणि येते.

जूनपासून ऑगस्टपर्यंतच्या त्या पोळ्या मी मनात मोजत नाही. मोजायला लागले तर सासूबाईंकडे पाहता येणार नाही, आणि एका घरात राहायचंय. त्या मात्र मोजत असाव्यात. कणीक मळता मळता थांबतात.

रूपल


परतूर, ७ ऑक्टोबर

मोनाली,

मी ४ तारखेला पुण्याला गेले होते.

तारीख कुणी रद्द केली नव्हती. अक्षतला वाटलं मी केली, मला वाटलं त्याने. आदल्या संध्याकाळी पिशवी भरलेली पाहून तो म्हणाला, "कुठं निघालीस?" मी म्हणाले, स्कॅन आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची पिशवी भरली.

तिथल्या मुलीने नाव विचारलं, कुणासाठी देताय विचारलं. मी हर्षचं नाव सांगितलं. तिने लिहून घेतलं. मशिनीत घातलं. बाहेर बसले. वजन आठ किलोंनी कमी भरलं. डॉक्टरांनी स्वतः बोलावलं. चेहरा खुलला होता त्यांचा. म्हणाले, "ताई, कमाल केलीत. चरबी जवळजवळ गेली. आता देता येईल." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अक्षतने सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ कागद सरळ करत राहिले. मी विचारलं, ऑगस्टमध्येच उतरलं असतं तर? ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." मी पुन्हा विचारलं नाही.

मी का गेले ते तुला सांगायचं आहे. फलाटावरून तू जे म्हणालीस, द्यायचं नाही तर सांग, त्याचं उत्तर राहिलं होतं. आता माझं लिव्हर चांगलं आहे. मला द्यायचं होतं, मोनाली.

येताना बदनापूरला गाडी थांबली. मी दारापर्यंत आले, मग परत जागेवर जाऊन बसले आणि तिथे रडले. अक्षतने समोरच्या बाईला उठवून मला खिडकी दिली.

रूपल


परतूर, २० ऑक्टोबर

मोनाली,

हे पत्र मी सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहिते आहे, पण माझंही आहे.

माझं व्रत अजून चालू आहे. "भावाचं काम होईपर्यंत" म्हणाले होते, आणि ते काम आता होणार नाही. म्हणजे व्रताला शेवटच नाही. कुणालाच काय करावं कळेना. मला फारसं काही वाटत नव्हतं. दोन चमचे तेलाची सवय झाली होती.

परवा सासूबाई मला महासतीजींकडे घेऊन गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, व्रत तुम्ही पूर्ण निभावलं, आता पारणं करा. घरी आल्यावर सासूबाई चपला काढताना म्हणाल्या, "पारणं माहेरून येतं."

तुला माहीत नसेल. मोठं तप झालं की पहिला घास माहेरचा असतो, भाऊ घेऊन येतो. मी म्हणाले, बाबूजींना कळवते.

"तुझ्या बाबूजींना नको. भावाचं घर जिथं आहे तिथून यायला पाहिजे. तिला बोलाव."

मी म्हणाले, "आई, तुम्ही आजवर तिच्या हातचं पाणीसुद्धा..."

"मला शिकवून राह्यली का तू?" म्हणाल्या. मग पदराने बरणी पुसत बसल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "तो गेला त्या दिवसापास्नं मी पण तूप सोडलंय. कुणाला सांगितलं न्हाई. माझं पारणंही तिच्याच हातानं व्हईल. ती घालेल तर. नाही घातलं तरी तिचं बराबर आहे, तिला सांग तसं."

मी रोज त्यांच्याबरोबर जेवते आणि मला दिसलं नव्हतं. ज्या बाईला कोरडी पोळी बघवत नव्हती ती महिनाभर माझ्यासमोर कोरडी पोळी खात होती.

तू त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. मी केलं आहे का, मलाच माहीत नाही. तू आली नाहीस तर व्रत चालू राहील. ही धमकी नाही, बघ, माझं सगळं व्यवस्थित चाललंय, काटा स्थिर आहे, डॉक्टर खूश होते. फक्त मला घरातला कुठलाच वास नीट येत नाही, आणि तो परत यावा असं मला वाटायला लागलं आहे.

तुला दिवाळीची सुट्टी लागेल. सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवायच्या वेळेला इथे पोचशील. स्टेशनवर मी येईन, तशीही रोज जाते. पोळ्या तुझ्या घरून करून आण. कोरड्याच आण. तूप इथे आहे.

रूपल